बिनतारी आणि बायका

(अकोला येथे वऱ्हाडातील महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कालपासून आपण रोजगार हमी, अंगणवाडी ताईंचे मानधन आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस यांवर बोलतो आहोत. त्यांच्या मधोमध 'हौशी रेडिओ' हा विषय पाहून तुमच्यापैकी काहीजणींनी एकमेकींकडे पाहिले, ते माझ्या लक्षात आले. चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलेच, "तुले दुसरा काही कामधंदा नाही काय वं?" प्रश्न रास्त आहे. बाईने कामधंद्याखेरीज दुसरे काही करावे की नाही, या विषयाचा गाभाच तो आहे. म्हणून मी त्या ताईंचे आभार मानते आणि त्यांच्याच प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

रेडिओ म्हटला की आपल्यासमोर काय येते? आपल्या आयांच्या पिढीला विचारा. फळीवरचा संच, त्यावर भरतकामाचे कापड, दुपारी 'वनिता मंडळ'. घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात पैसे भरून लायसन्स घ्यावे लागे, ती पद्धत ऐंशीच्या दशकात बंद झाली. ते लायसन्स बहुधा वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या नावाने असे. बातम्यांच्या वेळी खुंटी त्यांच्या हातात आणि दुपारी सगळे बाहेर गेल्यावर बायकांच्या हातात. पण कुणाच्याही हातात असला तरी तो ऐकण्याचा रेडिओ होता. मुंबई-नागपूरहून कुणी बोलायचे आणि आपण भाजी निवडता निवडता ऐकायचे.

मी ज्याबद्दल बोलते आहे त्या रेडिओला बटण असते. दाबले की बोलायचे, सोडले की ऐकायचे. या छंदाला हॅम रेडिओ म्हणतात. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, आणि आपल्या घरातून, आपल्या संचावरून दुसऱ्या परवानाधारकाशी बोलायचे. तो यवतमाळला असेल, ब्राझीलला असेल. मधे ना कंपनी, ना मनोरा, ना सिमकार्ड.

हे चालते कसे, ते थोडक्यात सांगते, कारण 'तांत्रिक आहे, आपल्याला नाही कळायचे' हे वाक्य आपणच आपल्या मुलींना आधी शिकवतो. जमिनीपासून शंभर ते काहीशे किलोमीटर उंचीवर हवेचे विद्युतभारित थर आहेत. ठरावीक लांबीच्या रेडिओलहरी वर गेल्या की या थरांवरून परत खाली वळतात, चेंडू भिंतीवर आपटून परत यावा तशा. त्यामुळे डोंगर आडवा आला तरी आवाज पलीकडे उतरतो. यासाठी लागणारी अँटेना काय असते? ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी साधारण तेहतीस-तेहतीस फुटांच्या दोन तांब्याच्या तारा, दोन झाडांच्या मधे ताणलेल्या. कपडे वाळत घालायची दोरी ज्या बाईने बांधली आहे, तिला ही अँटेना बांधता येते. मोजमाप तेवढे अचूक लागते. वीज नसेल तर गाडीची बारा व्होल्टची बॅटरी चालते. जवळच्या बोलण्यासाठी हातात मावणारा छोटा संचही असतो, पण त्याच्या लहरी सरळ जातात, टेकडी आली की अडतात. आपल्या पूर्णेच्या खोऱ्यात, सपाटीवर, तो बऱ्यापैकी चालतो. मेळघाटात एका नाल्यातून दुसऱ्या नाल्यात जात नाही. तिथे उंचावर आवाज पकडून पुढे फेकणारे यंत्र, म्हणजे रिपीटर, लागते. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, हे पर्यटकांच्या तेवढेच आपल्याही उपयोगाचे आहे.

आता या छंदातली माणसे. ही मंडळी गावोगाव क्लब करून असतात. रविवारी जमतात, जुने संच उघडून बसतात, मुलांना परीक्षेसाठी शिकवतात. ठरल्या वेळी सगळे एका फ्रिक्वेन्सीवर येतात, त्याला 'नेट' म्हणतात. एकजण सूत्रे सांभाळतो, एकेकाला नावाने बोलावतो, कुणी मधे घुसले तर थांबवतो, तातडीचा निरोप असेल त्याला आधी वाट देतो. मी पहिल्यांदा असे नेट ऐकले तेव्हा मला आपल्या बचत गटाची बैठकच आठवली. ज्या बाईने वीस बायकांना एका वेळी एकीनेच बोलायला लावले आहे, तिला नेट चालवायला कुणी शिकवायची गरज नाही. शिवाय या क्लबांचा एक खेळ आहे. एक छोटा संच झुडपात लपवायचा आणि हातातली अँटेना फिरवत, आवाज कुठून जोरात येतो ते पाहत, धावत तो शोधायचा. त्याला ते कोल्ह्याची शिकार म्हणतात. आपल्या आश्रमशाळेतल्या मुलींना हा खेळ दिला तर त्या मैदान सोडायच्या नाहीत, याची मला खात्री आहे.

पण या मंडळींत बायका किती? फार थोड्या. आणि त्यांना काय म्हणतात तेही ऐकून ठेवा. ही भाषा जगभर चालते. पुरुष हॅमला 'ओएम' म्हणतात, म्हणजे ओल्ड मॅन. तो अठरा वर्षांचा असला तरी. बाई हॅमला 'वायएल', म्हणजे यंग लेडी. ती सत्तर वर्षांची असली तरी. आणि हॅमची बायको? 'एक्सवायएल'. म्हणजे माजी तरुणी! लग्न झाले की तारुण्य संपले. फार पूर्वी कुणीतरी गमतीने केलेले असेल, आजही लोक सहज म्हणतात, मनात वाईट काही नसते. 'माझी एक्सवायएल चहा करते आहे' हे वाक्य मी हवेतून स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. मात्र याच भाषेत आणखी एक खूण आहे. अमेरिकेतल्या बाई हॅमनी १९३९ साली आपली स्वतंत्र संघटना केली आणि निरोप घेताना एकमेकींना म्हणायला एक आकडा ठरवला, ३३. अर्थ असा की, एका बाईने दुसऱ्या बाईला दिलेले, मैत्रीने मोहोरबंद केलेले प्रेम. हा आकडा पुरुषाने वापरायचा नाही असा संकेत आहे. जे क्षेत्र आपले नाही, तिथे शिरलेल्या बायका पहिल्यांदा आपापसात एक शब्द तयार करतात. आपल्या चळवळीतही हेच झाले.

मी अमरावतीत एका निवृत्त गृहस्थांकडे शिकले. ते चांगले शिक्षक होते, फक्त प्रत्येक नव्या सर्किटच्या आधी 'घाबरू नका' म्हणत, आणि शेजारच्या मुलाला असे कधी म्हणत नसत. परीक्षेच्या केंद्रांत मुंबईबरोबर नागपूरचेही नाव आहे, मी तिथे दिली. थोडे इलेक्ट्रॉनिक्स आणि थोडे नियम, एवढाच अभ्यास. खालच्या श्रेणीला मोर्सची कटकट नाही. दहावीचे विज्ञान ज्या मुलीला झेपले तिला हे झेपते. पास झाल्यावर चौकशीसाठी पोलीस घरी आले. मी दार उघडले, नाव सांगितले, कागद दाखवले. त्यांनी वही काढली आणि आत बसलेल्या माझ्या भावाला विचारले, 'तुमची हरकत नाही ना?' परवाना माझा, परीक्षा माझी, भाऊ सुट्टीत चार दिवस आलेला. तो बिचारा गोंधळून 'नाही नाही' म्हणाला आणि तेवढी नोंद झाली.

आता कामधंद्याच्या प्रश्नाकडे येते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यातल्या अनेकींना आठवत असेल. आदल्या दिवशी गणपती गेले होते, लोक उशिरा झोपले होते. चार वाजायला काही मिनिटे असताना किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावे दगडमातीच्या ढिगाखाली गेली, हजारो माणसे मेली. अशा वेळी निरोप कसा जायचा? त्या काळात गावात एखादा फोन, तोही पडलेल्या भिंतीखाली. तिथे संदेशांची तात्पुरती व्यवस्था उभी करायला हौशी रेडिओवाले आपले संच घेऊन गेले. किती तंबू, किती रक्त, कोण सापडले, कोण नाही. त्यानंतर १९९९ चे ओरिसातले चक्रीवादळ आणि २००१ चा कच्छचा भूकंप, दोन्ही वेळी हेच झाले. सगळ्या ठिकाणी सरकारी यंत्रणेच्या शेजारी ही छंदाची माणसे उभी दिसतात.

किल्लारीची आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. पडक्या घरांच्या दुरुस्तीचा मोठा कार्यक्रम पुढे आला, तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. सरकारची योजना गावाला समजावून सांगायची आणि गावाची अडचण सरकारला कळवायची, हे त्यांचे काम. निरोप नेणारी बाई असली की निरोपात काय काय येऊ लागते, ते तिथे दिसले. स्वयंपाकघर कुठे, न्हाणी कुठे, विधवेच्या नावावर घर होणार की दिराच्या. पण हे झाले नंतर, महिन्यांनी. पहिल्या तासांत, पहिल्या दिवसांत जो निरोप जातो, तो मात्र पुरुषांच्याच तोंडून जातो.

याला एक ठळक अपवाद आहे आणि तो तुम्हाला माहीत असावा असे मला मनापासून वाटते. भारती प्रसाद. हैदराबादच्या हौशी रेडिओ संस्थेच्या त्या कार्यकर्त्या, कॉलसाइन व्हीयू२आरबीआय. अंदमानातून हौशी रेडिओ चालवायला १९८७ नंतर परवानगीच मिळत नव्हती. या बाई वर्षानुवर्षे अर्ज करत राहिल्या आणि डिसेंबर २००४ मध्ये एक लहान तुकडी घेऊन पोर्ट ब्लेअरला पोचल्या. कशासाठी? निव्वळ छंदासाठी. दुर्मीळ ठिकाणाहून बोलणारा स्टेशन सापडला की जगभरचे हॅम त्याच्याशी बोलायला रांग लावतात. तेव्हापासून त्या हेच करत होत्या. २६ डिसेंबरच्या पहाटे त्या हवेत असतानाच जमीन हलू लागली. त्सुनामी आली. बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला. भारतीबाईंनी संच पुन्हा उभा केला, जिल्हा प्रशासनाच्या कचेरीतून काम सुरू केले, त्यांचे सहकारी कार निकोबारपर्यंत गेले. सरकारी निरोप गेलेच, आणि त्याबरोबर 'आम्ही जिवंत आहोत' हे तीन शब्द घरच्यांना कळवण्यासाठी लोकांनी दिलेले निरोपही गेले.

आता विचार करा. आदल्या दिवशी आपण भारतीबाईंना भेटलो असतो तर आपणही म्हणालो असतो, काय हा श्रीमंती नाद! घरदार सोडून बेटावर जाऊन परक्यांना 'हॅलो' म्हणत बसायचे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच नाद सगळ्या बेटाच्या उपयोगी आला. अडचणीत लागणारे कौशल्य अडचण आल्यावर शिकता येत नाही. गोंगाटातून एक पुसट आवाज वेगळा काढणे, तुटलेली तार पाहून लांबीचा अंदाज करणे, घाबरलेल्या माणसाकडून नेमका निरोप काढून घेणे, हे सगळे वर्षानुवर्षांच्या रिकाम्या रविवारांत शिकले जाते. आणि रिकामा रविवार कुणाकडे आहे? पुरुष जेवण झाल्यावर गच्चीवर अँटेना फिरवायला जातो, कारण खाली भांडी कुणीतरी घासते. आपल्याला गच्ची माहीत आहे ती पापड-कुरडयांपुरती.

म्हणून बाईच्या फुरसतीचा प्रश्न मला चैनीचा वाटत नाही. आपण समान वेतनावर बोललो, मालमत्तेवर बोललो, घरकामाच्या मोजमापावर बोललो. छंदावर बोलायला लाजलो. छंद म्हटले की आपल्यालाच अपराधी वाटते. पण छंदातून येणारी तयारी बाईला नाकारली की पूर आला, भूकंप झाला, त्या दिवशी ती फक्त 'आपद्ग्रस्त' उरते. कुणीतरी तिची मोजणी करायची, कुणीतरी तिला साडी वाटायची.

वऱ्हाडात पूर कुठे, भूकंप कुठे, असे कुणी म्हणेल. वरुडच्या बायांना विचारा. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने पलीकडच्या काठावरचे मोवाड बुडाले, दोनशेवर माणसे गेली. नदीच्या अलीकडे अमरावती जिल्हा आहे, पाण्याला ही हद्द माहीत नसते. आणि मेळघाटाला तर पुराचीही गरज नाही, साधा श्रावण पुरतो.

मेळघाटातला एक प्रसंग सांगते. गावाचे नाव सांगत नाही. पावसाळ्याचे दिवस, फरशीवरून पाणी चाललेले, मोबाइलला रेंज नाही. तिथे रेंज मिळवायला लोक ठरावीक टेकडीवर, ठरावीक झाडाखाली जाऊन उभे राहतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. एक पहिलटकरीण दोन दिवसांपासून अडलेली होती. एका सरकारी खात्याचा बिनतारी संच जवळच्या ठाण्यावर होता. तिच्या नवऱ्याने तिथपर्यंत चालत जाऊन सांगितले, तिथल्या माणसाने भल्या मनाने निरोप पाठवला. निरोप काय गेला? 'गावात पेशंट आहे, गाडी पाठवा.' 'बाळंतपण अडले आहे' हे शब्द नवऱ्याने लाजेने नीट सांगितले नाहीत आणि त्या माणसाने विचारले नाहीत. गाडी आली, सोबत नर्स नव्हती, काही साहित्य नव्हते. मी दुसऱ्या दिवशी तिला डफरीनमध्ये भेटले. ती वाचली. बाळ गेले होते.

नर्स आली असती तर बाळ वाचले असते, असे मी ठामपणे म्हणू शकत नाही, तसे म्हणणेही बरोबर नाही. पण त्या दिवशी यंत्र होते, वीज होती, लहरी होत्या आणि माणसेही वाईट नव्हती. फक्त माईकसमोर असे कुणी नव्हते जिला तो शब्द उच्चारायला लाज वाटत नाही आणि पुढचे तीन प्रश्न ठाऊक आहेत. कितवे बाळंतपण, कळा कधीपासून, रक्त किती जाते आहे. आपल्या आशाताईला हे तिन्ही प्रश्न झोपेतही येतात.

इथे कुणीतरी मोबाइलचे म्हणेल. आज प्रत्येकीच्या पिशवीत फोन आहे, खरे आहे. पण मनोरा विजेवर चालतो, वीज गेली की त्याची बॅटरी काही तास टिकते, आणि आपत्तीत सगळेच एकदम फोन लावू लागले की कुणाचाच लागत नाही. शिवाय घरातला चांगला फोन कुणाच्या खिशात असतो, हे मी सांगायला नको.

क्लब समाजात काय करू शकतो याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण बंगालमध्ये आहे. मकर संक्रांतीला गंगासागरची जत्रा भरते, लाखो लोक येतात. तिथे वेस्ट बंगाल रेडिओ क्लबचे हॅम संच घेऊन काम करतात, हरवलेल्यांची गाठ घालून देतात. हे सोपे वाटते, पण सापडलेली म्हातारी कुठली, हेच अनेकदा कळत नाही. तिला पत्ता सांगता येत नाही, बंगाली येत नाही. मग ते तिच्या बोलीवरून प्रांत ओळखायचा प्रयत्न करतात, त्या भागातल्या हॅमला कळवतात, तो गावात जाऊन विचारतो. एरवीही रस्त्यावर, इस्पितळात सापडलेल्या मनोरुग्ण बायकांची घरे या क्लबने अशीच शोधली आहेत, कधी कधी काही वर्षांनी. आणि या कामात एक कडू गोष्टही पुढे आली, ती वृत्तपत्रांतही आली आहे. काही म्हाताऱ्या हरवलेल्या नसतात. त्यांना पुण्यक्षेत्री आणून सोडून दिलेले असते.

मी हे वाचले तेव्हा मला त्या क्लबबद्दल आदर वाटला आणि माझ्यातली समाजकार्याची विद्यार्थिनीही जागी झाली. समजा, हरवलेली बाई हरवलेली नसून निघून आलेली असेल तर? मार खाऊन, जाळायच्या भीतीने, रात्री एस.टी. पकडून? तिचे नाव, वर्णन, गाव हवेतून साऱ्या देशाला सांगायचे, आणि ज्याच्यापासून ती पळाली त्याच्याच दारात नेऊन तिला उभे करायचे? फोटो निघणार, पेपरात येणार, 'ताटातूट झालेल्या पती-पत्नीची भेट'. त्या क्लबने असे केले असा माझा आरोप नाही. मी म्हणते ते एवढेच की, शोधायचे कौशल्य ज्याच्याकडे आहे त्याच्याजवळ 'शोधून काढावे का' असे त्या बाईला आधी एकटीला बसवून विचारणारे कुणीतरी पाहिजे. ते काम आपले आहे. क्लबला आपली गरज आहे, आपल्याला क्लबची, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

मर्यादाही सांगते, नाहीतर उद्या कुणी मला म्हणेल की तुम्ही आम्हाला फसवले. या रेडिओवर मोर्चाची हाक देता येत नाही, प्रचार करता येत नाही, गटाचे लोणचे-पापड विकता येत नाहीत. नेहमीच्या दिवसांत दुसऱ्याचा निरोप पोचवण्यावरही बंधने आहेत, ती सैल होतात आपत्तीत. आणि सांकेतिक भाषेत बोलायला मनाई आहे, म्हणजे जे बोलाल ते ज्याच्याकडे संच आहे तो ऐकणार. म्हणून माझा एक कडक नियम आहे, ज्या कुणी यात याल त्यांनी तो पाळावा. हिंसाचाराच्या केसमधल्या बाईचे नाव, गाव, ती कोणत्या आधारगृहात आहे, हे हवेत कधीही जाता कामा नये. अगदी आणीबाणीतही नाही. 'एक जखमी स्त्री, वय सुमारे तीस, डॉक्टर हवा', एवढे पुरते.

चळवळीचे काम रेडिओने करायचे तर त्याला दुसरी वाट लागते आणि त्या वाटेवरही एक बाई उभी आहेच. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नेते पकडले गेले, वर्तमानपत्रांची तोंडे बांधली गेली, तेव्हा मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहतांनी सोबत्यांसह गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी रेडिओवाल्यांना आपले प्रक्षेपक पोलिसांत जमा करायला लावले होते. अशा जाणकारांचीच मदत त्यांनी घेतली. जागा बदलत, पोलिसांना चुकवत त्यांनी जवळजवळ तीन महिने हे चालवले. नोव्हेंबरात पकडल्या गेल्या, चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्यात राहिल्या. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचा आवाज आहे, पण बाईला यंत्राच्या जवळ जाऊन बसावे लागले, सर्किट आणि तारा यांच्याशी संबंध आला, हा भाग कुणी फारसा रंगवत नाही. आज सरकारने दिलेल्या परवान्यावर आपण जे करणार ते फार साधे आहे.

काय करायचे ते पटकन सांगते, जेवणाची वेळ झाली आहे. परीक्षेला बसायला बारा वर्षे पूर्ण लागतात. म्हणजे आपल्या सातवी-आठवीतल्या मुलीही बसू शकतात. प्रत्येक गटाने दोन नावे द्यावीत, एक मुलगी आणि एक मोठी बाई. मोठीशिवाय मुलीला घरचे रविवारी पाठवणार नाहीत, आणि मुलीशिवाय मोठीला ओहमचा नियम कोण समजावणार? परवाना शाळेला, कॉलेजला, क्लबलाही मिळू शकतो. तेव्हा प्रत्येकीने संच विकत घ्यायची गरज नाही. हातातला छोटा संच काही हजारांत येतो, दूरचा मोठा खूप महाग आहे, तो सगळ्यांत मिळून एकच. शिकवायला अमरावतीत मी आहे. जिथे पुरुषांचे क्लब आहेत तिथे त्यांच्याकडेही जावे, वेगळी चूल मांडायचा माझा आग्रह नाही. फक्त वर्ग कधी घेणार ते आपण ठरवायचे. सकाळी सातला वर्ग ठेवला की बायका येत नाहीत आणि मग 'बायकांना रस नाही' असे लिहिले जाते. आणखी एक. जिल्ह्याच्या आपत्तीच्या बैठकांना आपल्यातल्या कुणाला बोलावले जाते का, ते आपापल्या तहसीलमध्ये विचारा. परवाना हातात असला की ते विचारणे जड जात नाही.

आता बाहेर चला. मागच्या अंगणात कडुनिंब आणि विजेच्या जुन्या खांबाच्या मधे आम्ही सकाळी तार बांधली आहे, तिच्याखालून जाताना डोके सांभाळा. संच बॅटरीवर लावला आहे. या वेळी चारसहाशे किलोमीटरवरची माणसे बरी ऐकू येतात, खरखर असेल, कानाला सवय व्हायला पाच मिनिटे द्या. तुमच्या हातात माईक देता येणार नाही, नियम नाही. ज्यांना बोलायचे आहे त्यांनी जाताना दाराशी ठेवलेल्या वहीत नाव, वय आणि कोणत्या वारी, किती वाजता मोकळ्या असता ते लिहून जा. शेवटचा रकाना कोरा ठेवू नका.